कौशल्य : निरंक

तळेगाव ढमढेरे इथून आम्ही बोलतोय. नुसतं ‘तळेगाव’ म्हटलं की पुण्याकडची माणसं दाभाड्यांचं तळेगाव समजतात, म्हणून पूर्ण नाव घ्यायची आम्हाला सवयच लागलीय. शिक्रापूरच्या चौकातून आत वळायचं, की वेळ नदीच्या काठी आमचं गाव. गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या बचत गटांचं समन्वयाचं काम आम्ही करतो. कर्जाचे हप्ते, वह्या, मीटिंगा यांबद्दल या कार्यक्रमात आम्ही पुष्कळदा बोललो. आज त्यातलं काही नाही.

आज एका रकान्याबद्दल बोलायचंय. प्रशिक्षणाचा कुठलाही फॉर्म घ्या, त्यात ‘कौशल्य’ असा एक रकाना असतो. शिवणकाम येत असलं तर बाई ते लिहिते. पापड, मसाला, पार्लर, शेळीपालन, हेही लिहिते. पण यातलं काही नसलं की पेन तिथंच अडतं. मग ती शेजारणीकडं बघते, शेजारीण आमच्याकडं बघते, आणि शेवटी सरकारी कागदावरचा तो एक शब्द तिथं पडतो : निरंक. पंचावन्न वर्षांची बाई. चार लेकरं वाढवली, दोन एकर कांदा काढला, सासऱ्याचं आजारपण काढलं. आणि कागदावर कौशल्य निरंक.

फॉर्म बदलणं आमच्या हातात नाही. प्रश्न बदलणं आहे. म्हणून एका मीटिंगला पैशांचा हिशोब आटोपल्यावर आम्ही विचारलं, “ज्याचा काडीचा उपयोग नाही, पण तुम्हालाच येतं, असं काय आहे?”

आधी हसू झालं. मग जाऊबाईंनी जाऊबाईंची नावं सांगितली, कारण स्वतःचं स्वतः कुणी सांगत नाही. एकीला दोन्ही कान हलवता येतात. एकीला जीभ नाकाला लावता येते. एक जण अंधारात सुई ओवते. एकीला रस्त्यावरून गेलेली मोटारसायकल कुणाची ते आवाजावरून कळतं, आणि ती ती चालवणारा आज कशा मूडमध्ये आहे तेही सांगते. एक आजी कलिंगडावर टिचकी मारून आतला रंग सांगतात. एक ताई दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारतात की वस्तीवरची कुत्री उभी राहतात. अर्ध्या तासात बारा बायांची सोळा कौशल्यं निघाली.

या गोष्टींमागं काय असतं, ते आम्ही जरा शोधलं. तेच आज सांगायचंय.

कानांपासून सुरू करू. प्रत्येक माणसाच्या कानाभोवती तीन लहान स्नायू असतात. गाय, कुत्रं, मांजर हेच स्नायू वापरून आवाज येईल तिकडं कान वळवतात. तुमची म्हैस वैरणीची पाटी वाजली की कान कशी टवकारते ते आठवा. माणसाच्या हे स्नायू कामाचे राहिले नाहीत, पण गेलेही नाहीत. बहुतेकांना ते हलवता येत नाहीत, काहींना येतात. म्हणजे आमची कान हलवणारी ताई काही विचित्र नाही. इतरांकडं पडून असलेली वस्तू ती वापरते, इतकंच.

जिभेची गोष्ट जरा जपून ऐका, कारण तिच्यापायी घरात भांडण होऊ शकतं. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून पन्हळ करता येते, काहींना येते, काहींना येत नाही. हे आईबापांच्या रक्तातून येतं, असं पोरांना बरेचदा सांगितलं जातं. 1940 साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी तसं लिहिलं होतं. पण 1952 साली फिलिप मॅटलॉक या दुसऱ्या संशोधकानं एकसारख्या जुळ्या भावंडांच्या 33 जोड्या तपासल्या. त्यांपैकी 7 जोड्यांत एकाला पन्हळ करता येत होती आणि दुसऱ्याला नाही. एकसारख्या जुळ्यांचं रक्तातलं देणं एकच असतं, म्हणजे ही गोष्ट नुसत्या रक्तावर चालत नाही. तेव्हा आईला येतं, बापाला येतं आणि लेकराला येत नाही, म्हणून कुणी घरात भलतंसलतं बोलू नये. बोललं, तर हा आकडा सांगा.

आता शिट्टी. “पोरीच्या जातीनं शिट्टी मारू नये” हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. शिट्टीवाल्या ताईंनीही ऐकलं होतं, मार खाऊन ऐकलं होतं. पण त्या शिकल्या कुठं? ज्वारीच्या राखणीला. कणसात दाणा भरला की पाखरं येतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, डबा वाजवायचा, ओरडायचं. ओरडून घसा बसतो, शिट्टीनं बसत नाही. दहा वर्षांच्या पोरीनं हे स्वतःच शोधून काढलं आणि लग्न झाल्यावर ते लपवून ठेवलं.

स्पेन देशाच्या ताब्यात ला गोमेरा नावाचं एक डोंगराळ बेट आहे. तिथं दरीच्या या अंगाचा माणूस त्या अंगाच्या माणसाशी शिट्टीनं बोलतो. खुणेची शिट्टी नव्हे, अख्खी वाक्यं. बोलण्यातले चढउतार शिट्टीत आणायचे, की समोरच्याला शब्द कळतात. फोन आले, रस्ते झाले आणि शिट्टीची गरज संपली. मग तिथल्या लोकांनी 1999 पासून ती शाळेत शिकवायला घेतली, आणि 2009 साली युनेस्कोनं जगाच्या वारशाच्या यादीत ती नोंदवली. आपल्याच देशात मेघालयात कोंगथोंग नावाचं गाव आहे. तिथं बाळ जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर रचते. त्या बाळाला बोलीभाषेतलं नाव असतंच, पण शिवाय तो सूर हेही त्याचं नाव. घरात आखूड सूर, रानात लांब सूर. आईनं सूर काढला की ते एकच लेकरू वळून बघतं. हे सगळं मीटिंगला सांगितल्यावर शिट्टीवाल्या ताई एवढंच म्हणाल्या, “मग आमच्या आईनं उगीच मारलं.”

पोरीसोरींची ‘च’ची भाषा तुम्हाला आठवते का? शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी ‘च’ आणायचा. पाणी म्हणजे ‘चाणीप’. भाकरी म्हणजे ‘चाकरीभ’. आमच्या गटातल्या दोघी बहिणी एकाच घरात जावा म्हणून आल्या. त्या अजून ही भाषा इतक्या सरसर बोलतात की सासूबाईंना तीस वर्षांत पत्ता लागलेला नाही. (सासूबाई हा कार्यक्रम ऐकतात, म्हणून घर सांगत नाही.) वरवर हा पोरखेळ आहे. पण नीट बघा, यात काय करावं लागतं : शब्द ऐकायचा, मनातल्या मनात त्याचे तुकडे करायचे, पहिला तुकडा उचलायचा, त्याचा काना-मात्रा ‘च’ला लावायचा, आणि हे सगळं बोलता बोलता. शब्दाचे तुकडे कानानं ओळखता येणं आणि वाचायला शिकणं यांचा जवळचा संबंध आहे, हे वाचनावर काम करणारे शिक्षक सांगतात. दुसरीतल्या नातवाला वाचायला जड जात असेल, तर त्याच्याशी दहा मिनिटं ‘च’च्या भाषेत बोलून बघा. शिकवणी म्हणून नको. गंमत म्हणून बोला, नाहीतर तोही पळेल.

हिशोबाची एक गोष्ट सांगतो. आमच्या एका गटात पंचाहत्तरीच्या पुढच्या एक आजी आहेत. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत, सही आता गटात शिकल्या. एकदा दुधाचा हिशोब चालला होता. रोज साडेतीन लिटर, चौदा दिवस. पोरगी मोबाइलवर आकडे दाबत होती, तोवर भिंतीला टेकून बसलेल्या आजी म्हणाल्या, “औट चौदे एकोणपन्नास.” पोरीच्या मोबाइलवरही एकोणपन्नासच आले. तिनं विचारलं, “आजी, औट म्हणजे काय?”

औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तसे पूर्वी पाव पटीची पावकी, अर्ध्याची निमकी, पाऊण पटीची पाऊणकी, सव्वाची सवायकी, दीडाची दीडकी, अडीचाची अडीचकी असे पाढे पोरं पाठ करायची. का करायची? कारण रुपयाचे तेव्हा सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे. सगळा बाजार पाव, अर्धा, पाऊण असाच चालायचा. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग शेर-मण जाऊन किलो आले, आणि हळूहळू हे पाढे शाळेतून गेले. आजींचे भाऊ संध्याकाळी ओसरीवर परवचा म्हणायचे आणि आजी चुलीपुढं भाकरी थापायच्या. भावांना शिकवलं, बहिणीच्या कानावर पडलं. भाऊ विसरले. त्या विसरल्या नाहीत, कारण, त्यांच्याच शब्दांत, “मला कुणी परीक्षा घेऊन मोकळं केलंच नाही.”

गंमत म्हणजे आजींना याचा काही उपयोग आहे असं कधी वाटलंच नाही. घरात पैशाचा व्यवहार कारभारी बघायचे. त्या कडेला बसून मनातल्या मनात हिशोब करायच्या आणि गप्प राहायच्या. “चुकलेला हिशोब कळायचा का?” आम्ही विचारलं. “दर खेपेला,” त्या म्हणाल्या. आता गटाचं व्याज मोजताना आम्ही वही आधी त्यांना वाचून दाखवतो, मग मोबाइल काढतो.

दुसऱ्या एका काकूंकडं पाढे नाहीत, साल आहेत. अख्ख्या वस्तीत कोण कधी जन्मलं ते त्या सांगतात. पानशेत फुटलं तेव्हा हा रांगत होता. कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे ही आईच्या पोटात होती. बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाऊन हा झाला, म्हणून बारका राहिला. धरण फुटलं 12 जुलै 1961 ला, भूकंप झाला 11 डिसेंबर 1967 ला, त्यामुळं काकूंच्या बोलण्यावरून साल चक्क काढता येतं. आणि कागदावर? कागदावर आपल्याकडच्या अर्ध्या माणसांचा वाढदिवस 1 जूनला असतो. कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. शाळेतच न गेलेल्या बायांचं तर वय कुणाच्या तरी नजरेनं ठरलेलं. आमच्या एका बाईंना आधार कार्डावर खऱ्यापेक्षा सहा वर्षं लहान केलंय. श्रावणबाळ योजनेला 65 वर्षं पूर्ण लागतात. गुडघे पंचाहत्तरीचे झाले, कागद मात्र पुरा होईना. काकूंच्या शब्दावर कुठला दाखला निघत नाही, हे खरं. पण कुठला कागद हुडकायचा ते त्यांच्या शब्दावर कळलं : “ही तिच्या पाठच्या भावापेक्षा दोन पावसाळ्यांनी मोठी. भाऊ शाळेत गेला होता.” भावाचा दाखला मिळाला. पुढचं काम अजून चालू आहे.

आता ज्याच्याबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. जात्यावरच्या ओव्या.

गावात गिरणी येऊन जमाना झाला. जातं आता हळदीच्या दिवशी घाण्याला निघतं, त्याला आंब्याची पानं बांधतात, फोटो काढतात, परत माळ्यावर. ज्या बायांनी पहाटे तीनला उठून रोजचं दळण दळलंय, त्या आता सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांतल्या एकीला आम्ही म्हटलं, ओवी म्हणा. त्यांना एकही आठवेना. दोन शब्द म्हणायच्या आणि थांबायच्या. “गेलं बाई सगळं,” म्हणाल्या. मग कुणीतरी शेजारच्या घरातून जातं आणलं, खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी घेतली. त्या बसल्या, एक पाय लांब केला, खुंट्याला हात घातला, आणि दुसऱ्या का तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग दुसरी. मग थांबवेनात. आमच्या मोबाइलची मेमरी भरली, त्यांची संपेना.

हे असं का होतं? ओवी ही तोंडात नसते, ती हातात असते. जात्याची खालची तळी स्थिर, वरची फिरती. एक फेरा घेतला की दम लागतो, त्या दमाच्या मापानं ओवीचा एक तुकडा. मूठभर दाणा तोंडाशी घालायला हात जातो, तिथं ओवी क्षणभर थांबते. समोर दुसरी बाई बसलेली असली की ती शेवटचा शब्द उचलते, तेवढ्यात पहिलीला पुढची ओळ सुचते. म्हणजे दळण, दम आणि शब्द एका दोरीत ओवलेले. यातली दोरी काढली तर मणी सांडणारच. म्हणून म्हातारीला खुर्चीवर बसवून पुढं मोबाइल धरला आणि ती गप्प झाली, तर तिला काही येत नाही असं समजू नका. तिच्या हातात तिचं काम द्या.

या ओव्या कुणी लिहून ठेवल्या नसत्या तर त्या गेल्याच असत्या. पुण्याचे दोन अभ्यासक, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ, यांनी आपल्या सोबत्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या 1,000 हून जास्त गावांत फिरून 1 लाख 10 हजारांहून जास्त ओव्या टिपल्या. बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं नव्वदीच्या दशकात कित्येक बायांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. हेमाताई आणि गी आज हयात नाहीत. 2017 पासून या ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येतात, मोबाइलवर कुणालाही ऐकता येतात. त्यात आपल्या शिरूर तालुक्यातलं सविंदणे गाव आहे. आम्ही ते गटात ऐकवलं तेव्हा बायांना सूर ओळखीचा वाटला, बोलही ओळखीचे वाटले, आणि आश्चर्य एकाच गोष्टीचं वाटलं की कुणी हे ऐकायला एवढ्या लांबून आलं होतं.

त्या ओव्यांत काय नाही? माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे. पण सासूचा जाच आहे, दारूडा नवरा आहे, बाईच्या जन्माचं गाऱ्हाणं आहे, बाबासाहेब आहेत. दिवसा तोंडातून काढायची सोय नव्हती ते पहाटे जात्याच्या घरघरीत म्हणता यायचं. घरातल्यांना वाटायचं, बाई दळतेय.

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीशी, जात्यावर त्या बोलता बोलता गाणी रचायच्या आणि घरच्या माणसांनी त्यातली काही टिपून ठेवली. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. म्हणजे बहिणाबाईंनी आपलं पुस्तक पाहिलं नाही. फॉर्म भरला असता तर त्यांच्याही रकान्यात काय आलं असतं, याचा विचार आम्ही करतो.

ओवीसारखाच उखाणा. सुचता सुचता नाव घेणं ही साधी गोष्ट नाही : समोर पन्नास बाया, हातात ताट, आणि दोन ओळींत यमक जुळवून नवऱ्याचं नाव बसवायचं. आमच्याकडं एक बाई अशा आहेत की तुम्ही कुठलीही वस्तू द्या, चपलेचा अंगठा द्या, त्या उखाणा करतात. पूर्वी हळदीकुंकवाला त्यांना दोन-दोन घरांतून बोलावणं यायचं. चार वर्षांपूर्वी मालक वारले. त्या दिवसापासून त्यांना कुणी नाव घ्यायला सांगितलं नाही. बोलावणंही बंद झालं. बघा, कला तीच, डोकं तेच, जीभ तीच. माणूस गेला त्याच्याबरोबर ती कलाही गेली असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, त्या बाईंना न विचारता.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात करायचं नाही, आणि विधवेला समाजात मानानं वागवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता घ्यायला सांगितलं. ठराव चांगला आहे, करायलाच हवा. पण हळदीकुंकवाचं बोलावणं ग्रामपंचायत देत नाही. ते आपण देतो. आमच्या मीटिंगमध्ये त्या बाईंना आम्ही म्हटलं, नाव घ्या. त्या म्हणाल्या, “कुणाचं घेऊ?” मागून एक सून म्हणाली, “ज्याचं घ्यावंसं वाटेल त्याचं.” बाई दोन मिनिटं पदराशी खेळत बसल्या आणि मग म्हणाल्या :

चासकमानचं पाणी आलं पाटाच्या वळणाला,
लेकीचं नाव घेते बारावीच्या निकालाला.

नंतर त्यांनी लेकीचं नाव घेतलं. ते इथं सांगत नाही, कारण लेकीनं सांगू नका म्हटलंय. टाळ्या वाजल्या. दोघीतिघींच्या डोळ्यांना पदर गेला. एक म्हातारी म्हणाली, “हे बरं नाही.” तिला कुणी उत्तर दिलं नाही. पण पुढच्या मीटिंगला तीही आली, आणि उखाणा ऐकायला पुढं बसली.

हे सगळं ऐकून वरच्या मीटिंगमध्ये आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : याचं मार्केटिंग काय? शिट्टीचा उद्योग कसा करणार? ओव्यांचं पॅकिंग करता येईल का? विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पुण्यामुंबईत मंगळागौरीचे खेळ करून दाखवणारे बायांचे गट आहेत, फुगडी-झिम्म्याचे पैसे घेतात, आणि ते बरोबरच आहे. घाम गाळला तर मोल मिळावं. आमच्याही एखाद्या गटाला तसं करायचं असेल तर आम्ही हिशोब मांडून देऊ.

तरी आमचं मत स्पष्ट सांगतो. बाईच्या प्रत्येक गोष्टीचा स्टॉल लावायचा नसतो. बापयमाणूस पारावर बसून पत्ते पिसतो, कुणी विटीदांडूत तरबेज असतो, कुणी बैलाच्या शिंगावरून त्याचा स्वभाव सांगतो. त्याला कुणी विचारत नाही की याचा उपयोग काय. त्याचं नाव होतं. बाईनं मात्र जे करायचं ते घराच्या उपयोगाचं नाहीतर बाजाराच्या उपयोगाचं. या दोन्हींच्या मधे काही असतं, ते तिचं तिचं असतं. आमच्या कान हलवणाऱ्या ताई परवा म्हणाल्या, “नातू रडायला लागला की हलवते, तो हसतो.” याच्यापुढं आम्हाला त्यांना प्रशिक्षण द्यायचं सुचलं नाही.

तुमच्या गटात हे करायचं असेल, तर आमच्या अनुभवातलं थोडं सांगतो. बचत, परतफेड, वह्या सगळं आटोपल्यावरच घ्या, आधी नको, नाहीतर हप्ते राहतात. वेळ पंधरा मिनिटं. ‘तुला काय येतं’ असं विचारू नका, ‘तुझ्या जावेला काय येतं’ असं विचारा. म्हाताऱ्या बायांना आधी बोलू द्या. तरण्या पोरी आधी बोलल्या की म्हाताऱ्या “आमचं काय” म्हणून आवरतं घेतात. ज्या गटात सगळ्या गप्पच बसतील तिथं जातं, सूप, पाटा, गोधडीची सुई असलं काहीतरी मधे ठेवा. हातांना काम लागलं की तोंड सुटतं.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. मोबाइलवर आवाज किंवा व्हिडिओ घेण्याआधी त्या बाईला विचारा, आणि घेतल्यावर तिलाच आधी दाखवा. गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू का, हे वेगळं विचारा. गटात हसणं निराळं आणि गावभर फिरणं निराळं. एका गावात असाच एक नाचाचा व्हिडिओ न विचारता पुढं गेला आणि त्या बाईनं गटच सोडला. ती अजून परत आलेली नाही. सहा महिने तिची बचत नियमित होती, एकही हप्ता चुकला नव्हता.

आमच्या ग्रामसंघाच्या नोंदवहीत आता शेवटचं पान यासाठी ठेवलंय. वर गटाचं नाव, खाली बाईचं नाव आणि तिला काय येतं ते, तिच्याच शब्दांत. आतापर्यंत त्रेचाळीस नावं झाली. औटकीवाल्या आजी दोन नातसुनांना पाढा शिकवतायत. साल सांगणाऱ्या काकूंकडून आम्ही वस्तीची यादी लिहून घेतोय, निम्मी झाली. ओव्या म्हणणाऱ्या बाईंकडं दर एकादशीला जातं मांडून बसायचं ठरलंय, दोन मोबाइल पुरे चार्ज करून.

पुढच्या महिन्यात रेडिओची मंडळी रेकॉर्डिंगला येणार आहेत. शिट्टीवाल्या ताईंना मायक्रोफोनपासून दहा हात लांब उभं करायचं आम्ही त्यांना आधीच कळवलंय.